कॉलरचं माप

११ जानेवारी

नळोबा,

आशीर्वाद तुझ्या नावावर कायमचे आहेत, ते दर पत्रात नव्यानं लिहून शाई कशाला घालवू? कामाचं ऐक.

तुझी लवंगी बरी आहे. क्षयाची औषधं सुरू झाल्यापासून खोकला बसला, संध्याकाळचा ताप गेला आणि तोंड असं सुटलंय की माझ्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू येत नाही. काल एक बाई कोट परत घेऊन आल्या, म्हणाल्या घट्ट होतो. मी काही बोलायच्या आत ही म्हणते, "कोट तेवढाच आहे, तुम्हीच मोठ्या झालात!" नशीब, बाई हसल्या. गिऱ्हाईक टिकलं.

दुसरी बातमी. डॉक्टरीणबाईंनी आता एचआयव्हीच्या गोळ्याही सुरू केल्यात. आधी क्षयाची औषधं अंगी लागू देत, मग या गोळ्या, असं त्यांनी पहिल्यापासूनच सांगितलं होतं. तू घेतोस त्याच जातीच्या आहेत, फक्त लहान मुलांच्या मापाच्या. दोन आठवडे झाले, एकदाही चुकल्या नाहीत. रोगाचं नाव लिहिते आहे, कारण कागदाला शेजारी नसतात. तुमच्या डोंगरात फोनला रेंज नाही हे बरंच म्हणायचं. माझं घर म्हणजेच दुकान, इथे फोनवर असलं काय बोलणार? लवंगीला सांगितलंय, रक्तातल्या रोगाचं औषध आहे, जन्मभर घ्यायचं. म्हणाली, "जन्मभर म्हणजे सुट्टीतपण?"

आणि ऐक, शाळेच्या सदऱ्याची कॉलर तिला लागेना! टेप लावली तर गळा चांगला वाढलाय. पोर बाळसं धरतेय रे. लगेच कॉलर उसवली आणि आतून पट्टी घालून वाढवली. इतकी वर्षं लोकांची मापं घेतेय, पण कुणाचं माप वाढल्याचा एवढा आनंद मला झाला नव्हता.

तू तुझ्या गोळ्या घेतोस ना? उत्तरात लिही.

ताई

२३ जानेवारी

ताई,

पत्र सामानाच्या गाडीतून काल वर आलं. जेवायचं सोडून आधी ते वाचलं. कॉलरची बातमी तर तीनदा वाचली. आता पोरीला दोन नवे सदरे शिव, आणि शिवतानाच ढगळ शिव, म्हणजे सारखं उसवायला नको.

इथे पाइपलाइन निम्म्याच्या पुढे गेली. गार वाऱ्यानं हात असे फुटलेत की पान्हा धरताना कळ येते. आमच्या खोलीत सहा जण आणि खिडकी एक. ती उघडायची की नाही यावर रोज भांडण. मुकादम म्हणतो, तुम्हा सहा जणांत मिळून अक्कल एकाची. मी विचारलं, मग ती कुणाची ते सांगा, म्हणजे बाकीचे पाच निवांत झोपतील.

लवंगीची आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुझं पत्र आलं की मी आधी त्यात वाईट बातमी शोधतो. या वेळी पहिल्यांदाच ती सापडली नाही. तू नसतीस तर त्या पोरीला घेऊन मी कुठे गेलो असतो, कोण जाणे.

माझ्या गोळ्या हत्यारांच्या पेटीत, वायसरांच्या डब्यात असतात. खोलीतल्यांना सांगितलंय, पित्ताचा त्रास आहे. माझं चालू आहे.

तुझा भाऊ

५ फेब्रुवारी

भाऊ,

कॉलरचं जे लिहिलं होतं ते विसर. मी मूर्ख बाई.

वाढवलेली कॉलरही लागेना, म्हणून परवा पुन्हा टेप काढली आणि या खेपेस कंबरही मोजली. कंबर उतरलीय. गळा वाढतो आणि कंबर उतरते असलं बाळसं मी जन्मात पाहिलं नाही. बोटं फिरवून बघितली तर मानेच्या उजव्या बाजूला गाठी आहेत. एक सुपारीएवढी, बाकीच्या लहान. सगळं माप त्या गाठींचं होतं आणि मी वेडी हरखून पट्ट्या जोडत बसले. नुसता गळा मोजून झगा शिवला तर माझ्या हाताखालच्या मुलीला मी शिव्या देईन, आणि स्वतः काय केलं?

ताप परत आलाय. खोकलाही आलाय. काल शाळेतून आली ती दप्तर न काढताच कापडांच्या ढिगावर आडवी झाली. बोलत नाही. ही बोलत नाही, यावरून काय ते समज.

क्षयाची औषधं चालूच आहेत, एकही चुकलेली नाही. सगळं छान चाललं होतं. या नव्या गोळ्या आल्या आणि मग हे. मला डॉक्टरकीतलं कळत नाही, पण डोळ्यांना दिसतं ते दिसतंच. सोमवारी दवाखान्यात दाखवायला नेते. तोवर, आणि त्यानंतरही, गोळ्यांचं काय करू? तू बाप आहेस, तुझं मत कळव.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

बंद कर. हे पत्र वाचून संपायचीही वाट बघू नकोस.

आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. सगळे नळ ठीक चालले होते, एक नवा उघडला आणि गळती लागली, तर जो शेवटी उघडला तो आधी बंद करायचा. मग बसून विचार करायचा. क्षयाची औषधं एकटी होती तोवर पोर सुधारत होती. नवी गोळी सुरू केली आणि सगळं उलटलं. यात डॉक्टरला विचारण्यासारखं राहिलं काय?

तिच्या आईचं आठव. हीच गोळी सुरू झाली आणि महिन्याच्या आत ती गेली. तेव्हा मी हात बांधून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. दुधानं तोंड पोळलेला माणूस आहे मी, आता ताकसुद्धा फुंकून पिणार.

क्षयाची चालू ठेव, दुसरी बंद. चालू ठेवलीस असं कळलं तर हातातलं काम टाकून खाली येईन आणि पोरीला इथे वर घेऊन येईन. राग मानू नकोस, पण ती माझी पोर आहे. मी बाप आहे तिचा.

पुढच्या गाडीनं उत्तर पाठव.

भाऊ

२५ फेब्रुवारी

भाऊ,

पत्र मिळालं. तू म्हणालास तसं केलंय. गोळी बंद आहे.

तू खाली येऊ नकोस. पोरीला तिथल्या गारठ्यात न्यायचं तर तोंडातून काढूसुद्धा नकोस. दवाखान्यात जाऊन आलो. मोठ्या गाठीत सुई घालून पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. लवंगी रडली नाही. माझा हात मात्र असा आवळून धरला की अंगठी रुतली. ताप अजून आहे.

गणवेशांची मोठी शिलाई अंगावर घेतलीय, जास्त लिहायला वेळ नाही.

ताई

९ मार्च

ताई,

चालू कर. मी चुकलो. गोळी आजच्या आज चालू कर. किंवा थांब, आधी पोरीला उचलून दवाखान्यात ने, किती दिवस बंद होती ते डॉक्टरीणबाईंना खरं खरं सांग, आणि त्या म्हणतील तसं चालू कर. माझ्यावर ढकल सगळं. सांग, बाप गाढव आहे.

झालं असं. मागच्या आठवड्यात पायावर पाइप आला. हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. त्याचं काही नाही, बरं होईल. पण त्यामुळे खालून डॉक्टर वर आले. खोलीतले सगळे कामावर होते, तेव्हा धीर करून त्यांना विचारलं. एका मित्राची मुलगी आहे म्हणून सांगितलं. क्षयाची औषधं चालू, मग एचआयव्हीची सुरू केली, आणि गाठी सुजल्या, ताप आला, तर ती गोळी बंद करायची ना?

ते म्हणाले, "मित्रानं बंद केली की काय?"

मी म्हटलं, "हो."

ते खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, असं काही मुलांना होतं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत. अंगात ताकदच नव्हती, तेव्हा क्षयाचे जंतू आत असूनही शरीर गप्प होतं. गोळीनं ताकद परत आली आणि शरीर आता त्यांच्यावर तुटून पडतंय. सूज, ताप सगळं त्या हाणामारीचं. क्षय वाढला असं वाटतं. पण खरंच वाढला की हे नुसतं भांडण आहे ते तपासून बघावं लागतं, आणि ते दवाखान्यातच होतं. बहुतेक वेळा दोन्ही औषधं चालू ठेवायची असतात. मनानं बंद करणं हे सगळ्यांत वाईट. शरीर परत दुबळं पडतं आणि पुढे ती गोळी लागू न पडण्याची भीती असते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते गेल्यावर मी प्लास्टर घेऊन तसाच गाडीत चढायला निघालो तर मुकादमानं धरून खाली उतरवलं. रस्ता तुला माहीत नाही, या पायानं मी खाली पोचणार नाही. म्हणून पत्र गाडीवाल्याच्या हातात दिलंय. पेटीत टाकू नको, माझ्या बहिणीच्या हातात नेऊन दे, असं त्याला दहा वेळा सांगितलं.

ताई, तिची आई गेली तेव्हा मी काही केलं नाही म्हणून जळत होतो. आता केलं, तर हे केलं. पोरीला काही झालं तर मी स्वतःच्या हातानं केलेलं असेल. मला झोप नाही. एक ओळ लिही, पण लवकर लिही.

भाऊ

१२ मार्च

अरे वेड्या,

गोळी बंद केलीच नाही!

गाडीवाला समोर बसून पाणी पितोय, त्याच्याच हातून हे पाठवते. तो म्हणतो तुझी अवस्था बघवत नाही. आधी एक दीर्घ श्वास घे आणि पुढचं वाच.

तुझं 'बंद कर'चं पत्र आलं तेव्हा आम्ही दवाखान्यात जाऊन आलेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "गोळ्या चुकवल्या का?" मला असा राग आला! मी म्हटलं, बाई, मी एक टाका चुकवत नाही, गोळी कशी चुकवीन? त्या म्हणाल्या, रागावू नका, हे विचारावंच लागतं. मग त्यांनी छातीचा फोटो काढला, गाठीतलं पाणी तपासायला धाडलं आणि मला समोर बसवून तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेच सगळं सांगितलं. मी विचारलं, म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय म्हणा की. त्या म्हणाल्या, साप आहे हो, खराच आहे, पण धोपटणं जरा जास्त होतंय. म्हणून सूज उतरवायचं वेगळं औषध दिलं आणि बजावलं, बाकीचं दोन्ही चालू राहिलं पाहिजे.

त्यानंतर काही दिवसांनी तुझं पत्र आलं. काम टाकून येतो, पोरीला घेऊन जातो, मी बाप आहे! तुला पत्रानं समजावायला गेले असते तर ते पोचायच्या आत तू येऊन दारात उभा राहिला असतास. तुझा राग मला तू पाळण्यात होतास तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून सरळ खोटं लिहिलं. त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. तू इतके दिवस जळत होतास याचं मात्र वाईट वाटतं. तिथपर्यंत माझं डोकं गेलं नाही.

आणि नळोबा, तुझ्याच धंद्यातलं तुला सांगू? आपल्या गल्लीतलं पाणी एकदा आठवडाभर बंद होतं. परत आलं तेव्हा नळातून तांबडं, गढूळ पाणी यायला लागलं आणि शेजारीण नळ बंद करायला धावली. तेव्हा कोण ओरडलं होतं, "बंद करू नका, वाहू द्या, जोर आलाय म्हणून साचलेला गंज निघतोय"? हा शहाणपणा गल्लीसाठी आणि स्वतःच्या पोरीसाठी दुसरा नियम?

आता बातमी. गाठीच्या तपासणीचा निकाल आला, क्षयाची औषधं बरोबर लागू पडतायत. ताप उतरला. मोठी गाठ अजून आहे पण मऊ पडलीय, दुखत नाही. आज सकाळी लवंगीनं पोस्टमनला विचारलं की एवढं चालून तुम्ही बारीक कसे होत नाही. म्हणजे बरी आहे. मी रोज रात्री आता गळा आणि कंबर दोन्ही मोजते. कंबर बोटभर वाढलीय, या वेळी खरी.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या पत्राच्या शेवटी नेहमी एक ओळ असते, "माझं चालू आहे." फेब्रुवारीच्या पत्रात ती नव्हती. या पत्रातही नाही. मी पत्र दोनदा उलटून बघितलं. मला सांगितलंस तो नळ तू स्वतःचाही बंद केलास का? खरं सांग. खोटं लिहायचा मान या घरात एकदाच असतो आणि तो माझा वापरून झालाय.

ताई

२६ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मी एवढा मोठ्यानं रडलो की खोलीतल्यांना वाटलं, कुणी गेलं. मुकादमाला सांगितलं, उलट आहे. तो म्हणाला, मग आज सगळ्यांनाच सुट्टी. तुझ्यावर रागवायचा मला हक्क नाही, आणि राग आलाही नाही. असंच खोटं बोलत जा.

हो. बंद केली होती. ज्या दिवशी तुला 'बंद कर' म्हणून लिहिलं त्याच दिवशी. डबा समोर होता, पण गिळवेना. जी गोळी माझ्या पोरीला मारतेय ती मी कशी घेऊ, असं वाटलं. आणि खरं लिहायचं तर आणखीही एक होतं. लवंगीची आई गेली, आता तीही जाणार, मग मी कुणासाठी घेऊ? डॉक्टर आले तेव्हाही मी माझं बोललो नाही. मित्राचंच बोललो.

काल ते प्लास्टर बघायला परत आले. या वेळी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. रक्त घेऊन गेलेत. म्हणाले, आजपासून परत सुरू, आणि तपासणीत काही वेगळं निघालं तर गोळी बदलू. पाय सुटला की महिन्यातून एकदा खाली येऊन दाखवायचं कबूल केलंय, म्हणजे तुम्हालाही भेटता येईल.

लवंगीला यातलं काही सांगू नकोस. बापानं असं केलं हे तिला कळायला नको.

भाऊ

७ एप्रिल

बाबा,

आत्यानं मला काही सांगितलं नाही. तिच्यावर ओरडू नकोस. तुझी पत्रं ती मशीनच्या ड्रॉवरमध्ये रिळांच्या खाली ठेवते आणि दोरा ओवायचा असला की रीळ काढायला मलाच सांगते. मग मला दिसणार नाहीत का? मी सगळी वाचली. मला जोडाक्षरंपण येतात आता.

बंद कर लिहिलेलं पत्रपण वाचलं. मला वाटलं आत्या बंद करणार. पण संध्याकाळी तिनं गोळी हातावर ठेवली, तेव्हा मी घेतली. ती कडू असते. तरी घेतली.

तू लिहिलंस आई गोळीनं गेली. ते वाचून मला रात्री भीती वाटली. मी आत्याला विचारलं नाही कारण ती रडते आणि मग शिलाई वाकडी होते. दवाखान्यात आत्या औषधाच्या रांगेत होती तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझी आई गोळीनं गेली का? त्यांनी जुने कागद काढून बघितले. म्हणाल्या, नाही, तुझ्या आईला गोळी फार उशिरा मिळाली. तुला वेळेवर मिळाली.

तुलापण वेळेवर मिळाली आहे. मग तू उगाच उशीर करू नको.

माझी गाठ लहान झाली. आत्यानं पट्टी काढून कॉलर पहिल्यासारखी केली, आता बटण लागतं. कंबरेला सदरा घट्ट होतो. ती म्हणते, होऊ दे.

माझं चालू आहे. तुझं?

लवंगी